हिरवट झाकेचा पिवळा

१० नोव्हेंबर, सोमवार
उपाशीपोटी साखर १६८.
डॉक्टरने आकडा लिहायला वही करायला सांगितली. आकड्याला एक ओळ लागते. बाकीचं पान कोरं सोडायचं म्हणजे नासाडी. म्हणून लिहितो.

भिंगरीच्या अंगावर पुन्हा पित्त उठलं. मानेवर, पोटावर, लाल लाल गाठी. महिन्यात तिसऱ्यांदा. नात माझी, सात वर्षांची. खरं नाव दुसरं आहे, पण एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. सूनबाईने घर डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, गार पाण्याचं फडकं फिरव, जाईल. आमच्या वेळी असल्या गोष्टींना कोण दवाखान्यात जात होतं? तर म्हणते, "बाबा, तुमच्या वेळी माणसंही लवकर जायची."
तोंड फार आहे तिला.

११ नोव्हेंबर, मंगळवार
१६६. शेवटी गेलोच डॉक्टरकडे. विचारतो, रंगीत गोळ्या खाते का? म्हणे, "सगळ्या मुलांना नाही होत. काहींना त्या भडक रंगाने पित्त उठतं, काही नुसती चेकाळतात. साखरेने दात जातात ते वेगळंच." तोंड उघडायला लावलं. दोन दाढा काळ्या! महिनाभर रंगीत काही द्यायचं नाही, मग बघू.

एवढीशी गोळी, त्यात काय? साप साप म्हणून भुई धोपटायची झालं.

मग वळला माझ्याकडे. "आजोबा, तुमचं गोड बंद आहे ना?" बंद म्हटलं. चक्कर आली तर एक गोळी, ती त्यानेच सांगितलेली. सूनबाईने पालुपद सुरू केलं — दोन महिने हेच ऐकतोय — "ऐकत नाहीत हो. त्यांच्या त्या मित्रासारखा पाय कापायची पाळी येईल तेव्हा कळेल." पोरीसमोर! भिंगरी खाली माझ्या पायाकडे बघत बसली. मित्र मागे घरी आला होता कुबडी घेऊन, तेव्हाही अशीच टक लावून बघत होती. दुमडून पिन लावलेली पँट.

माझ्या गोळ्या लिंबाच्या. गिरणीतल्या नमुन्यांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात लोकरीखाली असतात. उन्हाळ्यात सूनबाईला सापडल्या तेव्हा तिने केरात टाकल्या होत्या. मी परत काढून आणल्या. तेव्हापासून जागा बदलली. औषध आहे ते! चक्कर रोज जेवल्यावर येते, आणि एकदा चहाच्या आधी. वेळेची पक्की आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार
१६३. सूनबाईने कपाटं उपसली. रंगीत दिसेल ते सगळं गेलं. दात घासायची निळी पेस्टसुद्धा. माझा डबा तिच्या नजरेला पडला नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
१६१. गुडघा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
१५९. भिंगरी शाळेतून आली ती खाजवतच. घरात रंगाचा थेंब नाही. म्हणजे बाहेरून कोणीतरी देतंय.

आणि सापडलं! तिचे पांढरे लोकरीचे हातमोजे, आमच्या हिने जाण्याआधी विणलेले. उजव्या अंगठ्यावर पिवळा डाग. साबण लावला, गरम पाणी घेतलं, चोळलं. पाणी स्वच्छ, डाग जागच्या जागी. बेचाळीस वर्षं लोकरीच्या गिरणीच्या रंगखात्यात काढली. लोकर आणि आंबट यांची गाठ पडली की रंग घट्ट बसतो. गोळी आंबट, तोंडात घोळवून बोटाने काढलेली, वर मोजा.

पिवळ्याचेही शंभर प्रकार. हा हिरवट झाकेचा.

भिंगरीला विचारलं, कोण देतं? ताकास तूर लागू देत नाही. "कोणी नाही देत, आबा." डोळ्यांत बघून सांगते. बेरकी!

१५ नोव्हेंबर, शनिवार
१५५. कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. बरणीतल्या, पाकिटातल्या, काडीवरच्या, पिवळ्या म्हणून जेवढ्या होत्या तेवढ्या एकेक घेतल्या. दुकानदार म्हणतो, "आजोबा, तुम्हाला चालतं का?" मी म्हटलं, तू माझ्या नातीला काय विकतोस ते आधी सांग. "अहो, तुमच्या सुनेने दम दिलाय. पोरीला मी उभंसुद्धा करत नाही." फार गोड बोलला. चोराच्या मनात चांदणं.

घरी जुनं पातेलं काढलं. एकेक गोळी पाण्यात, चमचाभर व्हिनेगर, पांढऱ्या लोकरीचा धागा टाकून उकळी. पाणी निवळ होत गेलं आणि धाग्याने रंग ओढून घेतला. एका गोळीत! गिरणीत इतका छान रंग बसला की आम्ही एकमेकांची पाठ थोपटायचो. धुतला, पिळला, पुन्हा धुतला. पक्का.

पातेल्याजवळ उभा राहिलो जरा वेळ. हे पोरं गिळतात. गिरणीत आम्ही रंगाला हात लावायला हातमोजे घालत होतो.

रंग जुळवायचा तो दिवसाउजेडी, खिडकीशी, ऊन टाळून. गडद-फिकट बघायचं नाही, झाक बघायची. सात धागे, सातही नारिंगीकडे झुकलेले. एकही त्यातला नव्हे. दुकानदार सुटला.

१७ नोव्हेंबर, सोमवार
१५१. आकडा आपोआप उतरतोय. चालण्याचा गुण असणार.

पण डबा! गेल्या आठवड्यात मूठभर गोळ्या होत्या, आता चारच. मी काय येडा आहे? सूनबाईच उचलते. तोंडाने काही बोलत नाही, पाण्यावर तरंग उठू देत नाही. बस थांब्याच्या पलीकडल्या औषधाच्या दुकानात गेलो — मुद्दाम लांब जातो, ओळखीचं कोणी नसतं — नवीन पुडा आणला. या वेळी थंडीच्या कोटाच्या आतल्या खिशात.

१९ नोव्हेंबर, बुधवार
१४४. कोटाचा खिसा निम्मा! घरात राहायचं की पहारा करायचा?

आज शाळेच्या व्हॅनवाल्याला धरलं. मिशीवाला. पोरांना गप्प बसवायला याच्याकडे नक्की काहीतरी असणार. भर रस्त्यात विचारलं. त्याने गाडीचा खण उघडून दाखवला. गाडीचे कागद, फडकं, बडीशेपेची डबी. "काका, सात वर्षं पोरं नेतोय. असं अजून कुणी बोललं नव्हतं." मी म्हटलं, पहिल्यांदा बोलणाराही कोणी असतोच. पोरं खिडकीतून बघत होती. भिंगरी रडायला लागली.
रडतेय म्हणजे तोच.

२० नोव्हेंबर, गुरुवार
१४०. व्हॅनवाला रोज रामराम करायचा. आज नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी आकडा घेतला नाही. घ्यायला वेळच मिळाला नाही.

शाळेच्या दारात भिंगरीचे ओठ सुजले. डोळे सुजून मिटले. व्हॅनवाल्याने उचललं आणि थेट दवाखान्यात नेलं, आम्हाला कळायच्या आधी. इंजेक्शन दिलं. डॉक्टर सूनबाईला म्हणाला, "घसा सुजायच्या आत आणली म्हणून. थोडा उशीर झाला असता तर श्वास अडकला असता." मी बाहेर बाकावर. हात मांडीखाली दाबून बसलो.

व्हॅनवाला शेजारी येऊन बसला. त्याच्या शर्टावर पोरीच्या तोंडाची लाळ. पिवळी. मी काहीतरी बोलायला गेलो. म्हणाला, "राहू द्या काका. आता घरात बघा."

घरात? घरात आहे कोण? मुलगा महिन्यातून दोनदा येतो. उरली सूनबाई. ती पोरीला कपडे घालत होती तेवढ्यात मी तिची पर्स उघडली. हो, उघडली. तिने बघितलं.
"माझी पर्स, बाबा?"
"माझ्या गोळ्या कुठे ठेवतेस ते बघतोय."
"तुमच्या गोळ्या?" मग हळू आवाजात, "तुम्ही अजून आणता? कुठे ठेवता?"

नाटक नव्हतं ते. बाईला ठाऊकच नव्हतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
१३४.
कोटात एक राहिली होती. पातेलं. व्हिनेगर. धागा. खिडकीशी नेला, हातमोज्याशेजारी धरला.
बेचाळीस वर्षांत झाक ओळखायला मी कधी चुकलो नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
१३१.
भिंगरीला जवळ घेऊन विचारलं. म्हणाली, "फेकल्या की तुम्ही केरातून परत काढता. पोटातून कसं काढणार?"
अगं, पण किती त्रास झाला तुला!
"मला नुसती खाज येते, आबा. तुमचा तर पाय कापतील."
आवडतात का, विचारलं. मान हलवली. "शी. आंबट असतात."