भ्रातृमंडळाचं इतिवृत्त

क्वीन्सटाउन, सिंगापूर, रविवार

ती. सुरेखाताईस,

संजीवचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात). तुझा गुडघा काय म्हणतो? भावजींची साखर? आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खुशाल कोणी नाही. तुझी भावजय निशिगंधा तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही, आणि याला कारण तू आहेस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय.

आपला रुचिर अमेरिकेत शिकायला गेला आणि तिथल्या एका फ्रॅटर्निटीत त्याला घेतलं. म्हणजे ग्रीक अक्षरांचं नाव लावणारं बड्या बापांच्या पोरांचं भ्रातृमंडळ. राहायला खांबांचा बंगला. एकाच्या आजोबांचं नाव कॉलेजच्या लायब्ररीवर आहे, दुसऱ्याच्या बापाची स्वतःची विमानं. मला वाटलं, पोरगं मार्गी लागलं! त्या अक्षरांचा टी-शर्ट घालून मी दर शुक्रवारी जुरोंग आयलंडवरच्या कारखान्याला जाणाऱ्या कंपनी बसमध्ये बसायचो (पोटावर अक्षरं जरा ताणली जायची, पण लांबून वाचता यायची). आणि एवढ्या मंडळींतून त्यांनी आपल्या पोराला सेक्रेटरी केलं. का, तर सभा संपेपर्यंत ज्याचं अक्षर ओळीत राहतं असा तोच एक.

आता तुझा भाग. दर जूनच्या सुट्टीत तो साताऱ्याला यायचा आणि तू त्याला सोसायटीच्या सभेत शेजारी बसवून इतिवृत्त लिहायला लावायचीस. झालं ते सगळं लिहायचं, आपल्याला आवडो न आवडो, हे तू सात वर्षांच्या पोराला शिकवलंस! लोकांची मुलं आत्याकडे जाऊन लाड करून घेतात गं.

तर या पठ्ठ्याने भ्रातृमंडळाचं वर्षभराचं इतिवृत्त लिहिलं, रजिस्टरमध्ये, पानं क्रमांक घालून. त्याने मला फोटो पाठवले. विषय क्रमांक तीन: शनिवारच्या कार्यक्रमासाठी गांजा, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव बहुमताने मंजूर, एक सभासद तटस्थ (झोपलेला). विषय क्रमांक चार: प्राचार्यांची पळवलेली गोल्फची गाडी परत करावी की रंगवावी, साधकबाधक चर्चा होऊन रंगवावी असं ठरलं. आणि शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी आलेला विषय: नशेच्या निळ्या गोळ्या. नव्या सभासदाला चार द्याव्यात. आभार मानून सभा संपली. खाली प्रत्येक पानावर आपल्या आडनावासकट झोकदार सही!

तो नवा सभासद दवाखान्यात आहे. शुद्धीवर आलाय, देवाची कृपा. पोरगा स्कॉलरशिपवर शिकतो, आई एका शाळेच्या कँटीनमध्ये कामाला. बाकीच्यांच्या बापांनी एका दिवसात वकील उभे केले आणि आता सगळे म्हणतात, गोळ्या त्या नव्या पोरानेच आणल्या. लायब्ररीवाल्यांच्या वकिलाने मलाही फोन केला. काय गोड बोलतो! रजिस्टर हरवलं तर कोणाचंच काही बिघडणार नाही, म्हणाला. नाहीतर सही एकट्या रुचिरची आहे. आणि आपण इथले पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी. गांजा परदेशात ओढला तरी इथे ओढल्यासारखंच धरतात, कायदाच आहे तसा. मग मी काय करणार होतो? मी रुचिरला सांगितलं, हरवून टाक. निशिगंधाने ते ऐकलं, तेव्हापासून अबोला. कुकरसुद्धा माझ्याकडे पाठ करून लावते. आणि चिरंजीव म्हणाले, "पपा, कान्ट लाह. आत्या विल किल मी."

मी वाईट माणूस नाही, ताई. घाबरलेला आहे.

भावजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
संजीव

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. तू त्याला फोन कर आणि रजिस्टर हरवायला सांग. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. एकदाच खोटं बोल, पाप माझ्या माथी.

ता. क. २. फोन करू नकोस. आत्ता रुचिरशी बोललो. त्याने रजिस्टर काल सकाळीच पोलिसांना नेऊन दिलं, वर पोच घेतली. कँटीनवाल्या बाईंनी त्याचे दोन्ही हात धरून ठेवले म्हणे, सोडेचनात. त्याच्यावर तिथे गुन्हा नाही, पण कॉलेजने एक सत्र घरी बसवलंय.

ता. क. ३. निशिगंधा बोलली. पान सतरा वाच, एवढंच म्हणाली. वाचलं. "सचिवांनी दोन झुरके घेतले, ठसका लागला, पुन्हा घेतले नाहीत." गाढवाला कोणी विचारलं नव्हतं! मी रुचिरला म्हटलं, तू परस्पर साताऱ्याला जा, इथे येऊ नकोस. तर म्हणे, घरी येतो आणि विमानतळावरच पोलिसांना त्या दोन झुरक्यांचं सांगतो. तिकीट काढून झालंय, शनिवारी दुपारी उतरतो. पुढे काय होईल ते इथले वकीलही नीट सांगत नाहीत. ताई, तू ये. तुझा मागच्या वेळचा व्हिसा अजून चालतो, मी बघितलंय. निशिगंधाला आधाराला कोणीतरी हवं. (मलाच हवं. ती खंबीर आहे.)