मॅलोफर्डची शीव

सोमवार, १२ एप्रिल १९२०

पोचले एकदाची मॅलोफर्डला! स्टेशनपासूनचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. सायलस टकवेलच्या गाडीत मी आणि माझी ट्रंक, दोघी सारख्याच आदळत होतो. हा सायलस चर्चची घंटा वाजवतो, कबरी खणतो आणि वर गाडीही हाकतो. मी गमतीनं विचारलं, खणायचं काम बरं चालतं का? तर म्हणाला, कसलं हो मास्तरीणबाई, आमच्या गावात मरायला सवड कुणाला आहे!

शाळेमागचं घर मला मिळालंय. दोन खोल्या, धूर ओकणारी चूल आणि मागं भाजीचा वाफा. वाफ्याच्या मधोमध गुडघ्याएवढा एक जुना दगड उभा आहे. त्याच्याभोवती घेवडा लावायचं मी येताक्षणीच ठरवून टाकलं.

शेजारच्या हेस्टर पॅजेटबाई रुबार्ब भरून भाजलेला आंबटगोड 'पाय' घेऊन आल्या आणि सोबत शंभर प्रश्न. मी सांगून टाकलं की मी विधवा आहे. म्हणजे सरकार म्हणतं 'युद्धात बेपत्ता', पण तीन वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाच्या बायकोला दुसरं काय म्हणायचं? माझा ऑब्री याच गावात जन्मला होता. सात वर्षांचा असताना बाप गेला आणि आई त्याला घेऊन ब्रिस्टलला आली. हे ऐकल्यावर हेस्टरबाई सुरी तशीच धरून थांबल्या. लव्हेलांचा ऑब्री? तो सदा शेंबड्या नाकाचा, आईच्या झग्याला लोंबकळणारा? मी इतकी हसले, इतकी हसले की डोळ्यांना पाणी आलं. माझ्याशिवाय कुणीतरी त्याचं नाव घेतलं, ते किती दिवसांनी!

इथं आले ते फार बरं झालं.

गुरुवार, १५ एप्रिल

पिम पाद्रीबाबांनी चहाला बोलावून गळ्यात एक काम मारलं. मुलांना हाताशी धरून मी गावाचा इतिहास लिहायचा. मग स्वतःच तो सांगत बसले. आधी नदी पायी ओलांडायचा उतार, मग गिरणी, मग चर्च. प्लेगच्या साली गावानं शीव बंद केली आणि एकालाही आत-बाहेर जाऊ दिलं नाही. पुढं जमीनदारानं गायरानाला कुंपण घातलं, आणि अगदी आत्ता आत्ता शाळा आणि विटांची घरं झाली. गाव वाढलं की दर वेळी शिवेचे नवे दगड पुढं रोवायचे, पण जुना दगड उपटायचा नाही, अशी इथली रीत. म्हणजे माझ्या घेवड्यातला दगड ही एके काळी गावची हद्द होती!

निघताना मी विचारलं, युद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड कुठं बसवलाय? पाद्रीबाबांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, तसा दगड मॅलोफर्डला नाही. जे गेले ते सगळे परत आले.

मी अभिनंदन केलं. घरी आले आणि दार धाडकन लावलं. मत्सर वाटला, का लपवू? ब्रिस्टलमध्ये आमच्या गल्लीत सुतकाचे पडदे न ओढलेलं घर उरलं नव्हतं, आणि इथं सगळे परत आले. सगळेच्या सगळे! माझा एकटा तेवढा जड झाला होता का देवाला?

मंगळवार, २० एप्रिल

मुलांनी आज शिवेची गोष्ट सांगितली. मे महिन्यात सगळं गाव हेझलच्या झाडाच्या छड्या घेऊन शीव फिरतं, आणि लहान पोरांना उलटं धरून त्यांचं डोकं शिवेच्या दगडाला टेकवतात. मग गोड पाव मिळतो. कशासाठी, तर मरेपर्यंत गावची शीव लक्षात राहावी. ऑब्री हे नेहमी सांगायचा! माझा हात धरून आपल्या डोक्यामागं लावायचा आणि म्हणायचा, हा बघ विनी, मॅलोफर्डचा शिक्का. मी हेस्टरबाईंना विचारलं, त्याचा दगड कोणता? त्यांनी माझ्याच वाफ्याकडं बोट केलं. तेव्हा शाळा नव्हती, गाव तिथंच संपत होतं.

मी जाऊन त्या दगडाला हात लावून आले. वेडेपणा, दुसरं काय.

मात्र तिथं कुणीतरी माझा घेवडा तुडवलाय! बुटांचे ठसे आहेत, आणि राखाडी चिखल पडलाय. इथली माती तर लालभडक. मला वाटलं हेस्टरबाईंच्या मुलाचं, रूबेनचंच काम, कारण त्याच्या विजारीला तसलाच चिखल असतो. कुंपणावरून त्याला चांगलं फैलावर घेतलं. तीस वर्षांचा बाप्या, ऐकून नुसता हसला. माझी टोपली उचलून दिली तेव्हा बोटांना बोटं लागली. शहारा आला. बर्फासारखा गार.

सोमवार, २६ एप्रिल

हे लिहून ठेवायलाच हवं.

दुपारी हेस्टरबाई कपडे वाळत घालत होत्या. आठवडाभर पावसाचा टिपूस नाही, आणि रूबेनच्या विजारीतून राखाडी पाणी निथळतंय. मी चेष्टेनं म्हटलं, काय हो, पोरगा लोळतो तरी कुठल्या डबक्यात? बाई पायरीवर मटकन बसल्या. म्हणाल्या, रोज धुते गं, हा खंदकातला चिखल निघतच नाही. मग मनात दडवलेलं सगळं बाहेर आलं.

रूबेन गेल्याची तार आली होती. गावात प्रत्येक घरी आली होती. पण ज्याचं डोकं या दगडांना टेकलंय त्याला शीव सोडत नाही. तो येतो, आणि आपल्या दगडापाशी उभा राहतो. घरच्या कुणीतरी भर दुपारी जाऊन नावानं हाक मारायची, तोवर तो दिसतही नाही. इथल्या आयांनी हाका मारल्या. पाद्रीबाबांना ठाऊक आहे, सायलसला ठाऊक आहे. म्हणून त्याला खणायचं काम नाही.

मी म्हटलं, मग वाईट काय त्यात? माझ्या तोंडून हेच निघालं आधी! हेस्टरबाई म्हणाल्या, वाईट आमच्या डॉर्कसला विचार. डॉर्कस म्हणजे रूबेनची बायको, पलीकडच्या शहरातली. शिवेला आतलं तेवढंच कळतं. रूबेन आला तो आईला ओळखत होता, कुत्र्याला ओळखत होता, पण जे शिवेबाहेर भेटलं, बाहेर घडलं, ते सगळं पुसलेलं. बायकोला म्हणाला, आपण कोण बाई? पोरगी वर्षभर त्याच्यासमोर रडली आणि माहेरी निघून गेली.

मी ऐकलं ते सगळं. पण डोक्यात घुमत होतं ते दुसरंच. माझ्या घेवड्यातले ठसे.

तीन वर्षं तो इथं उभा आहे. हाक मारायला त्याचं कुणी नव्हतं.

मंगळवार, २७ एप्रिल

मधल्या सुट्टीत गेले. मारली हाक. ऑब्री, ये रे, मी आलेय.

आधी चिखल टपकला. मग बूट दिसले. मग तो सगळाच. तोच कोट, तोच वाकडा खांदा. देवा! गालाला हात लावला तर विहिरीच्या कडेसारखा गार, पण त्याचाच गाल. मी काय काय बोलले मला आठवत नाही. रडले, हसले, त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या. इतका उशीर करतात का?

त्यानं माझे हात हळूच बाजूला केले. विचारलं, माझी आई कुठं आहे?

शुक्रवार, ३० एप्रिल

सात वर्षांचा होऊन आलाय तो. मिशा आहेत, खांदे आहेत, आत मात्र सात वर्षांचं पोर. गाव सोडलं तिथंच त्याचं सगळं संपतं. मी भेटले ब्रिस्टलच्या गोदीवर, लग्न तिथलं, घर तिथलं. त्याच्या लेखी मी नाहीच. मला बाई म्हणतो. आई कधी येईल, असं दिवसातून पन्नासदा विचारतो. ती जाऊन दहा वर्षं झाली, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?

आमचा लग्नाचा फोटो दाखवला. फोटोतल्या घोड्याकडं बघून हसला.

नवरा मेला तेव्हा इतकं रडले नव्हते.

बुधवार, ५ मे

डॉर्कससारखी मी माहेरी जाणार नाही. माझा हट्ट सगळ्या ब्रिस्टलला माहीत आहे.

एकच गोष्ट सुचते. शीव आतल्यांनाच ओळखते ना? मग मी आतली होते. माझंही डोकं टेकवा त्या दगडाला. मी या गावची झाले की तो मला ओळखेल. का नाही ओळखणार?

सोमवार, १० मे

आज सगळं गाव शीव फिरलं. मी शाळेची पोरं घेऊन पुढं होते. प्रत्येक दगडाशी छड्या वाजल्या, पोरं उलटी झाली, किंचाळली, पाव खाल्ले. शेवटी मी सगळ्यांसमोर म्हटलं, आता मला टेकवा.

सायलस लालबुंद झाला. म्हणाला, डोकं फिरलंय का बाई तुमचं? घोडीएवढ्या बाईचं डोकं कुणी टेकवलंय का आजवर? लहानाचंच टेकवायचं, मोठ्याचं कधीच नाही. मी विचारलं, का नाही? कुणाला सांगता येईना. सायलसचा बाप तसं म्हणायचा, त्याचा आजा म्हणायचा, बस्स. पाद्रीबाबा बुटांकडं बघत राहिले.

ज्या रीतीचं कारण कुणाला ठाऊक नाही, ती मी कशाला पाळू?

संध्याकाळी उजेड असतानाच हेस्टरबाईंना वाफ्यात ओढत नेलं. त्या नको नको म्हणत होत्या, हात जोडत होत्या. मी म्हटलं, तुमचा मुलगा तुम्हाला आई म्हणतो. माझं कोण आहे? मग त्यांनी जोडलेले हात सोडले. मी गुडघे टेकले, त्यांनी माझी मान धरून डोकं दगडाला लावलं. लागलं जरासं.

ऑब्री कुंपणापाशी बसून बघत होता.

मंगळवार, ११ मे

त्यानं ओळखलं! सकाळी मला बघून उठला, हसला, म्हणाला, तुम्ही विनीबाई ना? शाळेतल्या?

शाळेतल्या. एवढंच. होईल हळूहळू. आजच्यापुरतं एवढं पुष्कळ झालं.

डोकं ठणकतंय. सकाळी वर्गात ब्रिस्टलच्या आमच्या गल्लीचं नाव आठवेना.

गुरुवार, १३ मे

आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणून बघितला, येत नाही. माझ्या आईचा. केस काळे होते की— लग्नात मी काय घातलं होतं? फोटोत पांढरं दिसतं. फोटोतली बाई मीच असणार.

आता कळलं, मोठ्यांना का टेकवत नाहीत. लहान पोराचं बाहेर काहीच नसतं. माझं सगळं बाहेरच होतं.

ऑब्री, ऑब्री, ऑब्री. गोदीवर भेटला. पाऊस होता. त्यानं माझ्या डोक्यावर पोतं धरलं, साखरेचं. आम्ही दोघं चिकट झालो. हे मी रोज लिहिणार. हे जाऊ देणार नाही.

शनिवार, १५ मे

गोदीवर भेटला. पाऊस होता. पोतं.

कुणाला भेटला?

सोमवार

मुलं हसली. फळ्यावर मी काढलेलं अक्षर उलटं होतं म्हणे. धडा वाचायला घेतला तर ओळी नुसत्या मुंग्यांसारख्या. हेस्टरबाई रडत होत्या. वाफ्यातल्या माणसाकडं बोट करून म्हणाल्या, अगं तो तुझा नवरा आहे. मी म्हटलं, असं का? बिचारा.

या वहीची आधीची पानं बोट ठेवून ठेवून वाचली. कुणा बाईनं नवऱ्यासाठी फार रडून लिहिलंय. वाचताना मलाही भरून आलं. कोण होती ती— तिला तो भेटला का शेवटी—

एक दिवस

ऊन छान आहे. मी मॅलोफर्डची. आधी कुठं होते, ठाऊक नाही— कुठंच नसेन.

वाफ्यातला माणूस रडत होता. गार आहे. मी त्याला शाल दिली. छातीत दुखतं त्याच्याकडं बघितलं की. का ते—

आज

हात अक्षर विसर तो

तो जवळ आला. माझ्याकडं खूप वेळ बघितलं. म्हणाला, तूच का माझी आई?

मी आठवून बघितलं. खूप आठवलं. आत काहीच नाही. मी त्याची कुणीतरी आहे एवढं— एवढंच दुखतं. त्याचे डोळे किती—

मी हो म्ह