बागेतल्या मुठीची करंगळी

कुवेत, ७ जून १९८१

तीर्थस्वरूप बाळासाहेब भावोजी यांच्या चरणी हरिश्चंद्राचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

(‘दोन्ही’ हा शब्द मुद्दाम घातला आहे.) तुमचे पित्त आणि कुसुमताईचे गुडघे आता बरे असतील अशी आशा करतो. तुमचे मे महिन्यातले पत्र पोचले. आमच्या इस्पितळातल्या सुचित्रा सिस्टरच्या आईने पुण्यात तुम्हाला मंडईत गाठून ‘हरीने अरबांच्या राजकारणात हात घातला आणि सरकारने तो छाटला’ असे सांगितले, हे वाचून आमची सौ. प्रेमा इतकी हसली की शेगडीवरचे दूध उतू गेले. भावोजी, हे पत्र मी माझ्या उजव्या हाताने लिहितो आहे. तो मनगटाला घट्ट आहे. इथे असला कायदाही नाही. छाटायचे ठरले होते ते फक्त एक बोट, आणि तेही लोखंडी. पण राजकारणात हात घातला हे मात्र शब्दशः खरे आहे, म्हणून सगळे मुळापासून सांगतो.

जानेवारीत आमच्या एक्स-रे खात्यात अशरफ नावाचा एक चित्रकलेचा मास्तर मनगट मुरगळून आला. मूळचा हैफाचा, म्हणजे पॅलेस्टिनी. दोन वर्षांचा असताना आईच्या कडेवर तिथून निघाला, तो परत गेलेला नाही. प्लेटवर त्याचा हात नीट ठेवून देत होतो, तर हा आपले दुखणे विसरून माझाच हात उलटासुलटा करून बघू लागला. म्हणाला, असा हात मी वर्षभर शोधतोय. भावोजी, माझ्या हाताला आजवर कोणी चांगले म्हटलेले नाही. शाळेत अक्षरावरून छड्या खाल्ल्या, लग्नात अंगठी अडकली तेव्हा तुम्हीच साबण आणायला धावला होतात. मी विरघळलो.

त्यांच्या इथल्या पॅलेस्टिनी संघटनेला शहरातल्या मिरकाब भागाजवळच्या बागेत एक शिल्प उभे करायची परवानगी मिळाली होती. तीस मार्चला हिरावलेल्या जमिनींच्या आठवणीत त्यांचा भूमिदिन असतो, त्या दिवशी उद्घाटन. बारा फुटी उगारलेली मूठ, मोडक्या गाड्यांच्या पत्र्याची. इथल्या राई नावाच्या गॅरेजवस्तीत आपल्या रत्नागिरीकडचा यूसुफ म्हणून वेल्डर आहे, त्याच्या गॅरेजात काम चालायचे. ओळीने तीन शुक्रवार मी तिथे ऑइलच्या डब्यावर बसून मूठ उगारली. (सुट्टीच्या दिवशी घरातून पळायला इतके उदात्त कारण मला पूर्वी कधी मिळाले नव्हते.) अडचण एकच. माझी उजवी करंगळी लहानपणी विहिरीच्या रहाटात सापडून मोडली होती, ती धड वळत नाही. पहिली दहा मिनिटे दाबून ठेवायचो, मग ती आपोआप उभी राहायची. मला वाटले अशरफ वैतागेल. तो उलट नाचायला लागला. म्हणाला, चार बोटे ऐकतात, एक ऐकत नाही, तेच आम्ही! आणि बारा फुटी मुठीवर दोन फुटी करंगळी ताठ उभी केली.

आता त्या बोटाचा आपल्याकडे अर्थ काय होतो, हे तुम्हाला सांगायला नको. यूसुफने वेल्डिंगची काच वर करून माझ्याकडे पाहिले. ‘हरीभाऊ, मास्तरला सांगा हो. आपली माणसं बघून काय म्हणतील?’ मी म्हटले, त्यांच्यात तसा अर्थ नाही, कशाला त्याचे मन मोडायचे? ही थाप होती. खरे म्हणजे मला भीती वाटली की सांगितले तर तो दुसऱ्या कुणाचा तरी हात घेईल.

उद्घाटनाला मोठी गर्दी झाली. भाषणे झाली, शाळेच्या मुलींनी गाणे म्हटले, बागांच्या खात्याचे एक वयस्क साहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पुढच्या खुर्चीवर होते. कापड ओढले. मग कुंपणापलीकडे आपले ड्रायव्हर, माळी, नर्सेस उभ्या होत्या, तिथून एक पोरगी ओरडली, ‘मम्मी, लुक, इट वॉन्ट्स सू-सू!’ (ओरडणारी आमचीच कन्या होती. पाच वर्षे इंग्रजी शाळेची फी भरली ती यासाठी.) कुंपण हसायला लागले, पुढच्या रांगेतला एक भारतीय डॉक्टर रुमालात तोंड लपवू लागला. साहेबांनी यूसुफला बोलावून विचारले, काय झाले? यूसुफने अरबीत सांगितले, आमच्या देशात वर्गातल्या पोराला बाहेर जायचे असले की ते असे बोट दाखवते. साहेब उठून गेले. सकाळी निरोप आला, बोट कापा, नाहीतर शिल्प हलवा.

त्याच दिवशी ड्युटी संपल्यावर थर्मासमध्ये चहा घेऊन मी बागेत गेलो. अशरफ मुठीच्या पायाशी बसला होता. करवत घेऊन आलेला यूसुफ जरा लांब उभा होता, त्याचा हात उचलत नव्हता. मी अशरफला म्हटले, मला माहीत होते. त्याने मान वर करून विचारले, ‘मग बोलला का नाहीस?’ मी म्हटले, बोललो असतो तर हा हात माझा राहिला नसता. इतकी लाज मला जन्मात वाटलेली नाही, भावोजी. मी आपला कपात चहा ओतत राहिलो, तो बाहेर सांडत होता.

त्याने कप घेतला. वर बोटाकडे पाहिले आणि विचारले, तुमच्याकडे पोराने असे बोट दाखवले की मास्तर जाऊ देतात? मी म्हटले, चांगले असले तर देतात. तो म्हणाला, ‘तेहतीस वर्षे आम्ही असेच बोट वर करून बसलो आहोत. आम्हालाही जायचेच आहे. घरी. मास्तर बघतच नाहीत.’ मग तो हसायला लागला, मीही, आणि यूसुफने करवत खाली ठेवून डोळे पुसले.

यूसुफने हेच जसेच्या तसे साहेबांना जाऊन सांगितले. म्हणे साहेब बराच वेळ जपमाळ ओढत बसले. शेवटी म्हणाले, बोट राहू दे, जागा बदला. रिकामी जागा उरली होती ती एकच, सार्वजनिक शौचालयाशेजारी. आता तिथे मूठ उभी आहे. अशरफ म्हणतो, कुठल्याही प्रदर्शनापेक्षा जास्त माणसे रोज येऊन बघतात, आणि निकडीने येतात. माझी नोकरी शाबूत आहे. सुचित्राच्या आईला हे सगळे कळवावे.

मुलांना आशीर्वाद, ताईला नमस्कार. तुमचा,
हरिश्चंद्र

ता. क. प्रेमा म्हणते, चार पाने लिहिलीत आणि मुद्दा राहिलाच. अशरफच्या धाकट्या भावाला पुण्यात कॉलेजात प्रवेश घ्यायचा आहे. अशरफ त्याला घेऊन येतो आहे. दोघांना हॉटेल परवडणार नाही, तीन आठवडे राहतील. मी त्यांना तुमच्या वतीने आग्रहाचे आमंत्रण दिले आहे.

ता. क. २. टपाल फार वेळ घेते, म्हणून हे पत्र अशरफच्याच हाती पाठवतो आहे. म्हणजे तुम्ही वाचताय तितका वेळ ते दोघे दारातच उभे असणार. त्याला मराठी येत नाही, पण माणसाचा चेहरा फार चांगला वाचता येतो. तेव्हा आधी हसा, भावोजी, आणि त्यांना आत घ्या.