मामांचा तक्ता

१० मार्च

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

मामीने पाठवलेला स्वेटर मिळाला. एक बाही लांब आहे, पण ऊब दोन्हींत सारखीच, असं तिला सांगा.

धरणावर माझं हे पहिलंच वर्ष, आणि मी साहेबांशी हुज्जत घालून बसलेय. तुम्ही नदीची पातळी मोजून केलेल्या तक्त्याप्रमाणे पंचवीस तारखेला दरवाजे उघडून जलाशय निम्मा रिकामा करायचा, म्हणजे मे महिन्यात बर्फ वितळून येणारा लोंढा मावेल. पण नदी आत्ताच फुगून ओसरायला लागलीय. हे पाणी सोडलं आणि मेमध्ये नवं आलंच नाही, तर सप्टेंबरपर्यंतच्या कोरड्या उन्हाळ्यात शहराने प्यायचं काय? उलट, अडवून ठेवलं आणि लोंढा आला तर खालची वस्ती बुडेल. साहेब म्हणाले, तो तक्ता तीस वर्षांत चुकलेला नाही, आणि तुझ्याच मामांचा आहे. म्हणून थेट तुम्हालाच विचारतेय.

मामा, रागावू नका, पण तक्ता चुकतोय का?

मायेला ओहोटी नसावी.

तुमची चिमी

१६ मार्च

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

रागावलोच होतो. जेवलो नाही. तुझी मामी म्हणाली, अन्नावर कसला राग काढता, वर जाऊन बघून या. म्हणून काल काठी टेकत डोंगरावरच्या बर्फ मोजायच्या खांबापाशी गेलो. या दिवसांत तिथलं बर्फ माझ्या छातीला लागायचं. काल पोटरीसुद्धा बुडली नाही. हल्ली हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊसच जास्त पडतो, आणि तो लगेच वाहून जातो. मला हे आठ-दहा वर्षं दिसत होतं, चिमे. निवृत्तीनंतरही वह्यांत टिपत होतो. पण आपला तक्ता आपल्याच हाताने खोडायचा, हे जिवावर आलं.

वह्या सोबत आहेत. साहेबांना वेगळं लिहिलंय, की माझा तक्ता रद्द करा, मुलीचं बरोबर आहे. मी आठवड्यातून दोनदा वर जाऊन बर्फ मोजेन आणि तिथल्या चौकीच्या फोनवरून कळवेन. बर्फ वाढलं, तर मात्र हट्ट न करता दरवाजे उघड. हट्ट आपल्या घराण्यातच आहे, म्हणून बजावतो.

तुझा मामा

२८ ऑगस्ट

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

साहेबांनी तुमचं पत्र उभ्या-उभ्याच दोनदा वाचलं आणि दरवाजे बंद ठेवले. मे महिनाभर तुमचा फोन येईपर्यंत जीव टांगणीला असायचा. लोंढा आलाच नाही. पलीकडच्या धरणावर नेहमीसारखं पाणी सोडलं, तिथे आता टँकरपुढे रांगा आहेत. आपल्याकडे रोज सकाळी तासभर नळ येतो.

नवा तक्ता करायचाय, आणि तो दरवर्षी तपासायचा ठरलंय. साहेबांनी तुम्हाला बोलावलंय. मामीलाही आणा.

तुमची चिमी

२ सप्टेंबर

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

सोमवारी निघतो. मामीची पिशवी भरूनसुद्धा झाली. नदीने मला न सांगता वागणं बदललं, याचं वाईट अजून वाटतं. पण पोरी, म्हाताऱ्या माणसाला सगळे तब्येत विचारतात. तू काम विचारलंस.

तुझा मामा