सव्वीस गोळ्या

ओडेन्स, जुलै

प्रिय विबेके,

ईस्टरच्या जेवणात मी उभा राहून ग्लास उंचावला, त्याची खरी किंमत सव्वीस गोळ्या. "रक्ताचा कॅन्सर शून्य! आता छपरावरून पडलो तरच मरेन," असं मी ऐटीत सांगितलं आणि त्यावर विश्वास ठेवून तू दवाखान्यात सोबत यायचं सोडलंस. कॅन्सरच्या रोजच्या गोळीने मळमळतं, म्हणून तेव्हापासून दर शनिवार-रविवार मी ती चुकवली आणि हेरिंग मासळीवर स्नॅप्सची कडक दारू रिचवली.

काल तिमाही रक्ततपासणीचा निकाल होता. नर्स बिर्गिट म्हणाली, "आयनार, रक्तातला कॅन्सरचा आकडा चाळीस पट वाढलाय. गोळी चुकली का?"

"एकही नाही."

"मग औषध लागू पडेनासं झालंय. कमरेच्या हाडातला मगज काढून तपासू, गोळी बदलू."

मी चक्क मान डोलावली! आयुष्यभर छपरं घालणाऱ्या माझ्या कामगारांना दटावलं, "कौल फोडलंत तर सांगा, गळती लपवू नका. चुकेल त्याने सगळ्यांना बिअर पाजायची, विषय संपला." आणि मीच एका चांगल्या औषधावर आळ घेत होतो. स्वतःच्या तोंडाची शिसारी आली. दारापर्यंत जाऊन परत फिरलो.

"सव्वीस चुकल्या," मी म्हणालो आणि आमचा बिअरचा नियमही सांगितला.

"मग आता बिअर तूच पाजायचीस," ती म्हणाली, पण हसली नाही. "आजपासून रोज घे. महिन्याने पुन्हा रक्त बघू."

हे तुला सांगायची हिंमत नाही, म्हणून पत्र खणातच राहील. घरी येऊन ईस्टरआधीचा रिपोर्ट काढून पाहिला. त्यावरही शून्य नव्हतं, ०.०१ टक्का होतं.

तुझा भाऊ,
आयनार