दाजींची किल्ली आणि माझे कान

नेकनूर,
मंगळवार, दुकान उघडायच्या आधी

तीर्थरूप मनकर्णाआक्कास,

धाकटा बद्रीनाथ तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. तुझे गुडघे, दाजींचं पोट आणि आपल्या जीवनचा राग हे तिन्ही ठिकाणावर असतील असं धरून लिहितो. आमच्याकडं सगळे खुशाल आहेत. वनमालाही खुशाल आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही.

दाजींच्या अँबेसिडरच्या किल्लीच्या स्विचला खरं काय लागलं ते आधी सांगून टाकतो. नवा स्विच सहाशे चाळीसचा, पण तो माझ्याच दुकानातला, म्हणून धरत नाही. बाकी लागलं ते असं: माझ्या उजव्या अंगठ्याचं नख, वनमालाची पिठाची चाळणी, दोन दिवस बंद राहिलेलं दुकान आणि एक कप चहा, जो दाजींनी घेतला नाही. नख येईल, चाळणी आणू. चहाचं काय करावं ते कळेना, म्हणून हे पत्र. (फोन का केला नाही म्हणशील. तू फोन हातभर लांब धरून सगळ्या गल्लीला ऐकवत बोलतेस, आणि दाजी शेजारच्याच खाटेवर असतात. पत्र मात्र मोतीबिंदू झाल्यापासून त्यांना वाचता येत नाही. देव सगळीकडून दार लावत नाही.)

तर झालं असं. मागच्या बुधवारी गाडी चालू होईना म्हणून जीवननं मला दिंद्रुडला बोलावलं, तेव्हा तू दळण घेऊन गेलतीस. मी दाजींना किल्ली फिरवायला लावली, डोळे मिटले, बॉनेटला कान टेकवला आणि उभ्या उभ्या निदान केलं की स्विच गेला. आक्का, तुला माहीतच आहे, घाट चढणाऱ्या एसटीच्या कुठल्या चाकाचं बेअरिंग बोंबलतंय ते मी गल्ल्यावर बसून सांगतो. मोठमोठे मिस्त्री मशीन लावून शोधतात ते मला नुसतं ऐकू येतं. आणि स्विचवर संशय घ्यायला कारणही होतं. त्याचं कुलूप इतकं झिजलं होतं की चालत्या गाडीतून किल्ली काढून दाजी खिशात टाकायचे आणि गाडी तशीच पळायची. एकदा तर तुझ्या पेटीच्या किल्लीनं ती चालू झाली होती आणि तू आठ दिवस पेटीवर बसून होतीस. दाजींची तऱ्हा मात्र ठरलेली: किल्ली आत घालायची, गव्हाच्या दाण्याएवढी मागं ओढायची, किंचित डावीकडं दाबायची आणि मग फिरवायची. हे त्यांना डोळ्यांनी दिसावं लागत नाही. आता ते गाडी चालवत नाहीत, रोज सकाळी चालू करून पाव तास नुसती ऐकत बसतात, एवढंच त्यांचं उरलंय.

मी गाडी धक्का मारून चालू केली, नेकनूरला आणली आणि अंगणात स्विच खोलला. कुलपाच्या पितळी नळीत पातळ पातळ पाच पाती असतात आणि प्रत्येक पात्याखाली मुंगीएवढी स्प्रिंग. हे मला माहीत होतं. त्या सगळ्या एकदम बाहेर यायच्या बेतात असतात हे माहीत नव्हतं. पाती पायाशी पडली, स्प्रिंगा गेल्या वनमालानं वाळत घातलेल्या बाजरीत. तिनं आधी बाजरी चाळली, मग अंगणाची माती चाळली, चाळणीला भोक पडेपर्यंत चाळली. चार सापडल्या. पाचवी मी बॉलपेनची स्प्रिंग कापून केली, त्यातच नख गेलं. तेव्हा ती जे बोलली ते तिचं शेवटचं बोलणं. म्हणाली, "कानानं कळलं होतं ना, मग हातानं खोललं कावून?"

जोडलेलं कुलूप फिरेना. मग मी सरळ नवा स्विच बसवला. काळ्या मुठीची चकचकीत किल्ली, अर्ध्या फेऱ्यात इंजिन चालू. शनिवारी जीवन दाजींना घेऊन आला. मी दुकानापुढं सडा टाकून ठेवला होता, चहा उकळत होता. दाजी गाडीत बसले, किल्लीवर हात ठेवला, दोन बोटांनी तिची मूठ चाचपली. फिरवली नाही. मला म्हणाले, "बद्री, ही कुणाची गाडी हाय?"

मी म्हणालो, तुमचीच. ते उतरले, दारावरून हात फिरवला आणि माझ्यासमोरच जीवनला म्हणाले की तुझ्या त्या पुण्याच्या गिऱ्हाइकाला फोन कर, न्हाई म्हणत होतो ते आता म्हणत न्हाई. जीवनचंही चुकलं नाही, बाप मोतीबिंदूत एखाद दिवशी गाडी फाटकाबाहेर काढेल या भीतीनं तो वर्षभर मागं लागलाय. गिऱ्हाईक येत्या रविवारी येतंय. दाजी घरी आल्यावर जेवले नाहीत हे तू फोनवर म्हणालीस. ते का जेवले नाहीत ते हे.

आता तुला एक गोष्ट सांगतो, आजवर कुणाला सांगितली नाही. मी फाट्यावर चिंचेखाली हवेचा हातपंप आणि पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं घेऊन बसलो तेव्हा पहिले दोन महिने माशाही माझ्याकडं येत नव्हत्या. फक्त दाजी यायचे. दर आठवड्याला त्यांच्या गाडीची हवा जायची आणि नेमकी माझ्या फाट्यापाशीच जायची. त्यांना वाटायचं मला कळत नाही. पण वळणाच्या अलीकडं गाडी उभी राहिल्याचं, दार उघडल्याचं, आणि मग चाकाची हवा सोडल्याचा फुस्स आवाज, हे सगळं मला झाडाखाली ऐकू यायचं. मग ते हळूहळू ढकलल्यासारखी गाडी आणायचे आणि म्हणायचे, रस्ता लई खराब झालाय बघ. मीही म्हणायचो, हो दाजी, लई खराब. पैसे मोजून घ्यायचो. आज माझं तीन शटरचं दुकान आहे, आक्का, आणि त्या माणसाला मी परक्या गाडीत बसवलं.

म्हणून सोमवारी जुनं कुलूप पुडीत बांधून बीडला अजिनाथकडं नेलं. बसस्टँडजवळ छत्रीखाली बसतो तो किल्लीवाला. त्यानं दाजींची किल्ली उन्हात धरली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "शेठ, ही किल्ली न्हाई राहिली, किल्लीची आठवण हाय." दात सगळे झिजून साबणासारखी गुळगुळीत झालीय. पण काम अवघड नाही म्हणाला. पाती नवी घालतो, जुन्याच नळीत बसवतो, दाजींच्या बोटाला तोच दांडा, तीच मूठ लागेल. शुक्रवारी देतो म्हणाला. तेव्हा तू काळजी करू नकोस. शनिवारी मी गाडी घेऊन दिंद्रुडला येतो, दाजींना फक्त अंगणात बसव. जीवनला मी शब्द देतो की गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, हवं तर फाटकाला मीच कुलूप घालतो (नको, कुलपाचं जीवन बघेल).

दाजींना वरण पातळ करून दे. लोणचं लपवून ठेव.

तुझ्या जिवावर मोठा झालेला,
बद्रीनाथ

ता. क. काम अवघड नाही असं वर लिहिलंय, त्यात एक राहिलं. नव्या पात्यांना माप लागतं, आणि झिजलेल्या किल्लीवर माप निघत नाही. गाडीची दुसरी किल्ली, कधी न वापरलेली, ती पाहिजे. गाडी आणली त्या वर्षीच्या खंडेनवमीला तू तिला हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात बसवलीस, ती आजवर तिथंच आहे, खंडोबाच्या डावीकडं. देवाजवळ बसवलेलं उठवायचं नसतं हे तू जीवनच्या बायकोला एका वाटीवरून सुनावलंस तेव्हा मी तिथंच होतो. तरी उठव. जागेवर सुपारी ठेव. अजिनाथ चप्पल काढून हात लावेल, मी समोर उभा राहीन, आणि शनिवारी दूध शिंपडून जागच्या जागी परत बसवू. दाजींना सांगू नकोस.

दुसरा ता. क. पत्र आणणारा वडापवाला सुरज बाहेर जीप चालू ठेवून उभा असेल. त्याची सवारी खोळंबलीय. किल्ली त्याच्या हातात दे. कुंकू धुऊ नकोस, तो भाविक आहे, जपून आणेल.

तिसरा ता. क. आज सकाळी गाडीची बॅटरी पुसायला घेतली. तिची एक वायर ढिली होती, बोटानं हलत होती. नवा स्विच बसवताना माझाच हात लागून ती टेकली असणार, म्हणून इंजिन चालू झालं. पान्यानं अर्धा फेरा आवळली. स्विचला काहीही झालेलं नव्हतं.