डोकं जड

दि. १४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तू आणि वहिनी मजेत असाल. बाबा बरे आहेत, मीही बरी आहे. दुरुस्तीला काढलेल्या बाबांच्या विमानाचं म्हणशील, तर ते अजून हँगरमध्ये नाकावरचा पत्रा काढून उभं आहे.

तू पाठवलेले सीटच्या चामड्याचे अकरा नमुने मिळाले. कमाल करतोस हं! चार सीटचं, वयाने आपल्याहून मोठं विमान. त्याला आधी नवे सीटबेल्ट हवेत, आग विझवायचा सिलिंडर हवा, कुठे अवचित उतरावं लागलं तर ठावठिकाणा कळवणारं यंत्र हवं. तुझं आपलं एकच, चामडं बदामी की तपकिरी, आणि बाहेरून केशरी पट्टा. त्या पट्ट्याचं चित्र बघून बाबा म्हणाले, "विमान आहे की सर्कशीची गाडी?"

मेकॅनिककाकांची तऱ्हा आणखी निराळी. काहीही विचारा, "उघडल्यावर कळेल." तीन आठवडे नुसतं उघडतायत! विषारी वायूचा इशारा देणारं यंत्र बसवा म्हणून मी रोज कटकट केली, तेव्हा कुठे परवा वैतागून बसवलं. त्यांच्याकडच्या जादा किल्लीने इंजिन सुरू केलं, मी हीटर लावला, आणि ते यंत्र असं कोकलायला लागलं की काकांच्या हातातला पाना पडला.

इंजिनाच्या धुराच्या नळीला आतून बोटभर चीर आहे, दादा. हीटर त्याच नळीभोवतालची हवा आत सोडतो. म्हणजे हीटर लावला की विषारी वायू थेट आत, आणि त्याला ना रंग ना वास. काका म्हणाले, "ही चीर आजकालची नाही, ताई. दोन वर्षं तरी झाली असतील."

मी तशीच बाबांची उड्डाणवही काढून बसले. शेऱ्याच्या रकान्यात मागच्या दोन्ही हिवाळ्यांत दर उड्डाणापुढे दोनच शब्द: 'डोकं जड'. उन्हाळ्यात एकदाही नाही. आणि आपण त्याला वय झालं म्हणालो.

आपण कुठले! मीच म्हणाले.

जानेवारीत बाबा धावपट्टी सोडून गवतात उतरले आणि आज वार कोणता, हे मला तीनदा विचारलं. तू फोनवर म्हणाला होतास, "घाई नको, आधी त्यांनाही तपासू आणि विमानालाही." मी ऐकलं नाही. हट्टाने बाबांची विमानाची किल्ली तुझ्याकडे पाठवली आणि बाबांना सांगितलं, "दादा म्हणतोय, आता बास." त्यांच्या तोंडावर बोलायची मला हिंमत नव्हती आणि तू लांब होतास.

तू फोनवर विचारतोस, बाबा का येत नाहीत? मी सांगते, झोपलेत. झोपलेले नसतात. शेजारीच बसलेले असतात. माझ्या एका वाक्यापायी नऊ महिने ते तुझ्याशी बोललेले नाहीत, आणि मी तुझ्यावर चामड्यावरून डाफरतेय.

काल बाबांना ती नळी दाखवली. चष्मा लावून, फिरवून फिरवून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे माझं डोकं बिघडलं नव्हतं." मला रडू आवरेना. 'बास' म्हणणारी मीच होते, दादा नव्हे, हे मात्र तोंडून निघालं नाही, म्हणून इथे लिहिलं. हे पत्र आधी त्यांना वाचून दाखवणार आणि मगच टाकणार, नाहीतर मी पुन्हा शेपूट घालीन.

नळी नवी बसतेय. बाबांची डॉक्टरी तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. किल्ली टपालाने पाठवू नकोस.

सगळ्यांवर चिडून झाल्यावर उरलेली,
तुझी धाकटी

ता. क. मी बाबा लिहितोय. वाचून झालं. हिला बोलायचं ते बोललो. किल्ली घेऊन तू ये. केशरी पट्टा चालेल.